डिजिटल भांडवल आणि विषमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या वाचनालयात दर शनिवारी आम्ही चारपाच जण मदतीचं टेबल मांडून बसतो. फॉर्म भरून द्यायचे, अडकलेले अर्ज शोधायचे, नवा फोन घेतलेल्यांना शेजारी बसवून शिकवायचं, असं ते काम. टेबलावर आणि नंतर व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. काही समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी विचारलेले आहेत, पण बरेचसे अडल्यानडल्यांचे आहेत. सलग वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डिजिटल भांडवल म्हणजे काय? चांगला फोन आणि भरपूर डेटा असला की झालं ना?

फोन आणि डेटा हा त्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे त्या फोनचं काय करायचं याची जाण. हवी ती माहिती शोधता येणं, खरी साइट आणि खोटी साइट ओळखणं, पासवर्ड जपणं, अर्ज अडकला तर तो कुठे अडकला हे समजणं. साधन आणि जाण मिळून जे साठतं आणि ज्याचा उपयोग पुढे पैसा, शिक्षण, नोकरी, ओळखीपाळखी मिळवायला होतो, त्याला अभ्यासक डिजिटल भांडवल म्हणतात.

एकाच आळीतली दोन मुलं घ्या. दोघांकडे सारखाच फोन, सारखाच रिचार्ज. एकाला माहीत असतं की महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. दुसऱ्याला वाटतं, गेल्या वर्षी भरला म्हणजे झालं. मुदत संपल्यावर तो आमच्याकडे येतो. दोघांच्या फोनमध्ये काही फरक नव्हता, वर्षाच्या शेवटी खात्यात मात्र होता.

२. मग सरळ "संगणक साक्षरता" म्हणा की. "भांडवल" हा एवढा जड शब्द कशाला?

कारण भांडवलाचे दोन गुण यात आहेत: ते साठतं, आणि ते एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलता येतं.

ही कल्पना फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांच्याकडून आली. त्यांचं म्हणणं असं की माणसाकडे पैशाखेरीज आणखी भांडवलं असतात. घरातून मिळालेली भाषा, वाचन, वागण्याची रीत हे सांस्कृतिक भांडवल. कोणाला फोन केला तर काम होईल हे सामाजिक भांडवल. ही भांडवलं पिढीजात चालत येतात आणि वरून पाहणाऱ्याला ती "हुशारी" वाटतात. बुर्द्यू २००२ मध्ये गेले, स्मार्टफोनचं जग त्यांनी पाहिलं नाही. त्यांचा विचार इंटरनेटला लावला तो पुढच्या अभ्यासकांनी.

आपल्याकडचं सर्वांत लख्ख उदाहरण २०२१ च्या उन्हाळ्यातलं. १८ ते ४४ वयोगटाला लस हवी तर सुरुवातीला कोविन या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन नोंदणी करण्यावाचून मार्ग नव्हता. लस मोफत असो वा विकत, रांग पडद्यावरच होती, आणि ती काही सेकंदांत भरायची. पोर्टल तेव्हा इंग्रजीत होतं. मराठीसह इतर भाषा जूनमध्ये आल्या. शहरांतली तरुण मंडळी स्लॉट पकडून गाड्या काढून गावांतल्या केंद्रांवर आली आणि त्या गावची माणसं दारात उभी राहून बघत राहिली. हे आपल्या डोळ्यांसमोर घडलं. वेगवान नेट, इंग्रजी वाचण्याची सवय आणि दारातली गाडी यांचं रूपांतर थेट दंडातल्या लशीत झालं. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्राला विचारलं होतं की केवळ पोर्टलवर विसंबलात तर ज्यांच्याकडे ते साधन नाही त्यांचं काय? "साक्षरता" या शब्दात हा सगळा व्यवहार मावत नाही.

३. आता भाजीवालीच्या गाड्यावरही क्यूआर कोड असतो. दरी उरलीच कुठे?

पहिली दरी खरोखर कमी झाली आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. भाजीवालीला सुट्ट्या पैशांची कटकट उरली नाही, हा लहान फायदा नाही.

पण अभ्यासक तीन दऱ्या मोजतात. पहिली साधनाची. दुसरी वापरातल्या कौशल्याची. एस्टर हार्गिटाई या अभ्यासिकेने २००२ मध्येच "दुसऱ्या पातळीची दरी" असं तिचं नाव ठेवलं. तिसरी फळाची, म्हणजे तेवढाच वापर करून कोणाच्या पदरात किती पडलं याची.

क्यूआर कोड लावलेल्या भाजीवालीला त्याच व्यवहारांच्या नोंदीवर बँकेचं कर्ज मिळतं का? की कोड पुतण्याच्या खात्याचा आहे आणि पैसे संध्याकाळी त्याच्याकडून मागून घ्यावे लागतात? आमच्या बाजारात दुसरं चित्र जास्त दिसतं.

आणि पहिली दरीही सगळ्यांची बुजलेली नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी आणि ३३.३ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. "कधीतरी" हा शब्द नीट वाचा. एकदाच नातवंडाच्या फोनवर व्हिडिओ पाहिला तरी तो आकड्यात धरला जातो. खेड्यातल्या स्त्रियांचं प्रमाण तर २४.६ टक्के होतं. त्यानंतर परिस्थिती सुधारली असणारच, पण सुरुवात कुठून झाली हे विसरून चालणार नाही.

४. आमच्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि सगळे तो वापरतात. आमचं घर "जोडलेलं" धरायचं की नाही?

पाहणीत धरतात. माझ्या मते धरू नये, निदान एकेका माणसाचा विचार केल्याशिवाय.

फोन घराचा म्हणतात, पण तो असतो कोणाच्या तरी खिशात. तो खिसा सकाळी कामावर जातो. मुलाचा ऑनलाइन वर्ग दुपारी असेल तर फोन घरी नाही. बाईच्या बँक खात्याला नवऱ्याचा नंबर जोडलेला असेल तर तिच्या पैशाचा ओटीपी त्याच्याकडे जातो. खातं तिचं, किल्ली त्याची.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीने, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीने, हे ढळढळीत समोर आणलं. २०२४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा महिना १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात यावेत हीच तिची ताकद होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि तीत बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं गेलं. विधवा, परित्यक्ता, वडीलही हयात नसलेल्या बायका आमच्या टेबलावर येऊन विचारायच्या, "आता ओटीपी कोणाच्या फोनवर येणार?" त्यांच्यासाठी वेगळी सोय नंतर करावी लागली, मुदतही वाढली. फॉर्म आखणाऱ्याच्या डोळ्यासमोर नवरा किंवा बाप असलेलीच बाई होती. त्या काही आठवड्यांत जिवाला लागलेला घोर कोणत्याही पाहणीत मोजला जात नाही.

जमेल तिथे एक गोष्ट करा: घरातल्या प्रत्येक प्रौढ बाईच्या नावाचं सिम, आणि तिच्या खात्याला व आधारला तिचाच नंबर. साधा बटणांचा फोन असला तरी ओटीपी येतो.

५. मुलगी दिवसभर मोबाइलवर असते, तिला सगळं येतं. पण सीईटीच्या केंद्रावर कॉम्प्युटर बघून गांगरली. असं कसं?

कारण मोबाइल आणि कॉम्प्युटर ही दोन वेगळी साधनं आहेत. मोबाइल बघायला, बोलायला, पाठवायला उत्तम. लांबलचक अर्ज भरणं, एक्सेलमध्ये हिशेब मांडणं, चार खिडक्या उघड्या ठेवून तुलना करणं, कोड लिहिणं ही कामं कॉम्प्युटरवर शिकली जातात, आणि पगार बहुतेक याच कामांना मिळतो.

२०१७–१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता, शहरी भागात २३.४ टक्के घरांत. एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते. म्हणजे ज्या मुलांच्या घरी माऊस कधी आला नाही त्यांना इंजिनिअरिंगच्या दारातच माऊसची परीक्षा. तुमच्या मुलीच्या अभ्यासात खोट नव्हती. परीक्षेआधी महिनाभर आठवड्याला दोन तास जरी सराव चाचण्या कॉम्प्युटरवर सोडवल्या तरी भीती जाते. शाळेची लॅब कुलूपबंद असेल तर मुख्याध्यापकांना लेखी विनंती करा, तोंडी नको.

६. सगळं मराठीत आलं तर प्रश्न सुटेल का?

बराच हलका होईल, पण मराठी कुठली यावरही आहे. "आपले सत्र कालबाह्य झाले आहे, कृपया पुनश्च प्रमाणीकरण करा" हे मराठीच आहे आणि आमच्या टेबलावर येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ते कळत नाही. "बराच वेळ झाला, पुन्हा लॉगिन करा" एवढं म्हटलं की कळतं. त्यात कॅप्चा रोमन अक्षरांत, पासवर्डला इंग्रजी कॅपिटल अक्षर हवं, नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरं. देशमाने आडनावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं असलेला मुलगा मी पाहिला आहे. त्याचं एक वर्ष त्यात गेलं.

जुने शासकीय कागद युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. ते वेबसाइटवर असूनही शोधून सापडत नाहीत. ज्याला जीआर (शासन निर्णय) शोधायचाय त्याला तारीख आणि विभाग आधीच माहीत असावा लागतो, आणि ते माहीत असतं कार्यालयात ओळख असलेल्याला.

७. इंटरनेटला जात दिसत नाही. मग जातीचा आणि याचा काय संबंध?

यंत्राला दिसत नसेल, पण यंत्रापर्यंत जाणाऱ्या वाटा जातीच्या वस्त्यांमधून जातात. माणूस डिजिटल गोष्टी शिकतो त्या क्लासमध्ये कमी आणि माणसांकडून जास्त. मावसभाऊ पुण्याला आयटीत असेल तर रेझ्युमे कसा लिहायचा, लिंक्डइन म्हणजे काय, कोणता कोर्स फसवा आहे हे चहाच्या कपाबरोबर कळतं. ज्या घराण्यात आजवर कोणी टेबलखुर्चीवरची नोकरी केलेली नाही तिथल्या मुलाकडे तेवढाच वेगवान नेट असलं तरी विचारायला कोणी नसतं. त्या विचारण्यालाच प्रश्न २ मध्ये सामाजिक भांडवल म्हटलं आहे.

शिवाय ज्यांना सवलत मिळायची त्यांनाच सर्वांत जास्त कागद अपलोड करावे लागतात: जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर. भटक्या-विमुक्तांच्या कुटुंबांकडे तर वडिलोपार्जित पत्त्याचा पुरावाच नसतो, आणि पोर्टल "कागद जोडा" या पायरीच्या पुढे सरकत नाही. पूर्वी कारकुनासमोर उभं राहून अडचण सांगता तरी यायची. पडद्यासमोर ती सांगायची सोय नाही.

८. सेवा केंद्रवाला सगळं करून देतो. स्वतः शिकायची काय गरज?

सेवा केंद्रं नसती तर महाराष्ट्रातली निम्मी कामं थांबली असती, असं मी छातीवर हात ठेवून सांगेन. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे बरेच जण कमी पैशांत फार राबतात. प्रत्येकाने सगळं शिकावं असा आग्रह धरू नये. वकील करतो तेव्हा आपण कायदा शिकत नाही.

धोका वेगळा आहे. घाईत केंद्रवाला स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःच बनवलेला पासवर्ड टाकतो. पुढच्या वर्षी ते केंद्र बंद होतं आणि तुमचं खातं कायमचं त्याच्या फोनमध्ये राहतं. म्हणून काम दुसऱ्याकडून करून घ्या, पण चार गोष्टी स्वतःकडे ठेवा: नंबर तुमचा, पासवर्ड तुमच्या वहीत, अर्ज क्रमांकाची छापील पोच, आणि दिलेल्या पैशांची पावती.

पोच मागायला संकोचू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेसाठी पोच मिळणं, ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं आणि न मिळाल्यास अपील करणं हा तुमचा हक्क आहे. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध करता येत नाही.

९. सासूबाईंच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून रेशन नाकारलं. हाही डिजिटल भांडवलाचाच प्रश्न का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. भांड्यांनी, विटांनी, शेतकामाने झिजलेली बोटं कोणत्याही प्रशिक्षणाने उमटणार नाहीत. इथे कमतरता माणसात नाही, यंत्रणेत आहे. तिला "कौशल्याचा अभाव" म्हणणं अन्याय आहे.

ठसे जुळले नाहीत म्हणून पात्र माणसाचं धान्य नाकारू नये असं केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे. दुकानदाराला बुबुळांची तपासणी किंवा ओटीपी हे पर्याय विचारा. नाही जमलं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. भांडवलाचा संबंध येतो तो इथे: हा नियम आहे हे ज्याला माहीत असतं तो धान्य घेऊन घरी जातो, बाकीचे रिकामी पिशवी घेऊन.

१०. मला दिसत नाही. बँकेचं व्हिडिओ केवायसी "डोळे मिचकावा" म्हणतं. काय करू?

तुमच्या बाजूने निकाल आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. दृष्टिबाधित व्यक्ती आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया यांच्या याचिकांवरचा हा निकाल होता. त्यांच्यापैकी काहींना पापणी मिटताच येत नव्हती. केवायसीसाठी डोळे मिचकावण्याखेरीज दुसरे मार्ग असावेत, अंगठ्याचा ठसा चालावा, कागदी मार्ग खुला राहावा अशा २० सूचना त्यात आहेत. शाखेत निकालाची तारीख लिहून अर्ज द्या.

११. ई-पीक पाहणीला शेतात नेटवर्कच येत नाही. आमची नोंद राहिली तर?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन ॲपमध्ये पिकाचा फोटो आणि नोंद करायची आहे. सातबाऱ्यावर पीक लागलं नाही तर विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची विक्री अशा सगळ्या ठिकाणी अडतं. शेतकऱ्याच्या स्तरावर मुदतीत नोंद झाली नाही तर पुढे पीक पाहणी सहाय्यकामार्फत ती करता येते, पण वाट बघत बसू नका. स्वतः केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येते. एका फोनवरून अनेक शेतकऱ्यांची नोंद होते, त्यामुळे काही गावांत एखादा पोरगा दुपारभर बांधाबांधाने फिरून सगळ्यांची पाहणी करून देतो. डिजिटल भांडवल उसनं देता येतं, याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. फक्त तो पोरगा नोकरीला बाहेर गेला की गावाकडे पुन्हा काही उरत नाही.

१२. वडील निवृत्त प्राध्यापक, पैशाला कमी नाही, पण फोनला घाबरतात. तेही वंचितांत मोडतात का?

त्यांच्याकडे डिजिटल भांडवल कमी आहे, पण बाकीची भांडवलं भक्कम आहेत. त्यांच्यासाठी तुम्ही तिकीट काढता, बँकेचा मॅनेजर त्यांना खुर्ची देतो. कमतरता भरून काढायला त्यांच्याकडे माणसं आहेत. तेवढ्याच वयाच्या, एकट्या राहणाऱ्या शेतमजूर बाईकडे ती नाहीत. दोघांना फोन येत नाही, पण दोघांचं नुकसान सारखं नाही. एका बाबतीत मात्र तुमचे वडील जास्त धोक्यात आहेत: त्यांच्या खात्यात रक्कम मोठी आहे. पुढचा प्रश्न वाचा.

१३. नेट जास्त वापरणाऱ्याची फसवणूकही जास्त होते. मग हे भांडवल कसलं?

वापर वाढला आणि जाण वाढली नाही की असं होतं. "डिजिटल अटक" नावाचा कोणताही प्रकार कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कोणी पोलीस अटक करत नाही. पैसे गेले तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग बँक, मग रडणं.

रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम सांगतो की चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार नाही. पण ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. जो नवखा आहे तोच ओटीपी सांगून बसतो, आणि तोच लाजेने चार दिवस कोणाला बोलत नाही. घरात असं झालं तर पहिल्या तासात रागावू नका.

१४. सरकारने सगळ्यांना शिकवून टाकावं, प्रश्न मिटेल. नाही का?

प्रयत्न झाले आहेत. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा संगणक शिकवणारा कोर्स २००१ पासून आहे. केंद्राने २०१७ मध्ये ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलं, सहा कोटी घरांत प्रत्येकी एक माणूस शिकवायचं ठरवलं. मार्च २०२४ मध्ये ते संपलं तेव्हा नोंदीत हे लक्ष्य पूर्ण झालेलं होतं. माझी तक्रार एवढीच की घरातला एक माणूस शिकला की ज्ञान आपोआप चुलीपर्यंत झिरपतं हे गृहीतक चुकीचं आहे (प्रश्न ४).

केरळचा अनुभव शिकण्यासारखा आहे. त्यांनीही २००२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात अक्षय नावाच्या संगणक केंद्रांतून घरटी एकापासूनच सुरुवात केली. पण तिथे न थांबता पुढे घरोघर पाहणी करून कोणाला येत नाही ते शोधलं, रोजगार हमीच्या कामावर, अंगणात जाऊन शिकवलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य डिजिटल साक्षर झाल्याचं जाहीर केलं. त्यांच्याकडे कुडुंबश्री या तिथल्या महिला बचत गटांच्या योजनेतल्या बायकांचं जाळं होतं. आपल्याकडे बचत गट आहेत, आशाताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, पण आधीच ॲपांमध्ये नोंदी भरून थकलेल्या सेविकेवर हे काम फुकटात टाकू नये.

१५. ऐपत असूनही मी मुद्दाम साधा फोन वापरतो. मलाही वंचित म्हणणार का?

आजवर म्हटलं नसतं. ज्याला निवड करता येते त्याच्याकडे भांडवल असतंच. पण निवडीची किंमत वाढत चालली आहे. साध्या फोनवरून पैसे पाठवायची यूपीआय १२३पे ही सोय मार्च २०२२ पासून आहे, ओटीपीही येतो. पण ज्या दिवशी एखादी खिडकी बंद होऊन फक्त ॲप उरतं, त्या दिवशी तुमची निवड आणि शेजारच्या आजींची लाचारी एकाच रांगेत येतात. आमच्याकडे अशी तक्रार आली की आम्ही विचारतो, खिडकी बंद केल्याचा लेखी आदेश दाखवा. बऱ्याचदा आदेश नसतोच आणि खिडकी पुन्हा उघडते. तुमच्यासारख्याने तो अर्ज आधी करावा, कारण तुम्हाला अर्ज लिहिता येतो.